‘शंभर दिवस’ आणि हक्कसोडपत्र

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. बाबा गेल्यानंतर, २०१२ साली, आई ग्रीन कार्डवर आमच्याकडे आली आणि २०१९ साली ती इथली नागरिक झाली. तिचे वय आता ७८ आहे. तिने इथे कधी नोकरी केलेली नसल्यामुळे मेडिकेअर या सरकारी विम्याच्या ‘अ’ आणि ‘ब’ या दोन्ही भागांचे हप्ते आम्ही दरमहा भरतो. गेल्या महिन्यात ती स्वयंपाकघरात पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पाच दिवस रुग्णालयात ठेवले आणि तिथून तिला रिहॅबसाठी एका नर्सिंग होममध्ये हलवले. मेडिकेअर शंभर दिवस देते असे सगळ्यांनी सांगितले होते. काल सतराव्या दिवशी मात्र हातात कागद ठेवला की एकोणीस तारखेनंतर मेडिकेअरचे पैसे बंद होतील, कारण ‘प्रगती थांबली आहे’. त्यानंतर ठेवायचे असेल तर पैसे आम्ही भरायचे. ऑफिसातल्या बाई ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून माझी सही मागत आहेत. कोणी म्हणते मेडिकेड घ्या. बाबांच्या नावावर पुण्यात फ्लॅट आहे. भावाने त्याच्यासाठी हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला आहे. त्याच्या मते आईच्या नावावर काही नसले की मेडिकेड लगेच मिळेल. आई रोज एकच म्हणते, ‘मला घरी ने.’ ही नर्सिंग होम नेमकी कोणाच्या पैशावर आणि कोणत्या हिशेबाने चालतात, हे कोणीच नीट सांगत नाही. काय करावे?

– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर

सप्रेम नमस्कार.

नोटिशीची मुदत टळू नये म्हणून पैसे बंद करण्याविरुद्धच्या अपिलाचा मुद्दा तुम्हाला त्याच दिवशी कळवला होता, आणि तुम्ही त्यासाठी फोन केल्याचे वाचून बरे वाटले. उरलेल्या प्रश्नांचे उत्तर इथे सविस्तर देतो, कारण अशीच पत्रे मला वर्षातून अनेकदा येतात. त्यांतल्या बहुतेक कुटुंबांची दमछाक पैशाच्या अभावापेक्षा पैशाची वाट न कळल्यामुळे होते. मी स्वतः अनेक वर्षे एका नर्सिंग होमच्या बिलिंग विभागात काम केले आहे. ते टेबल दोन्ही बाजूंनी पाहिले असल्यामुळे जे सांगतो ते थोडे स्पष्ट सांगतो.

पहिला घोटाळा शब्दापासूनच होतो. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे डॉक्टरचे वीस-पंचवीस खाटांचे खासगी रुग्णालय. इथे त्याच नावाच्या एका इमारतीत दोन वेगळ्या गोष्टी नांदतात. एकीकडे शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे थेरपी घेऊन परतणारे रुग्ण असतात आणि दुसरीकडे कायमचे राहायला आलेले वृद्ध असतात. खाट तीच, जेवणाचा ट्रे तोच, नर्सही बहुधा तीच, पण पहिल्या प्रकारच्या मुक्कामाचे पैसे मेडिकेअर देते आणि दुसऱ्या प्रकारच्या मुक्कामाचे एक तर माणूस स्वतः देतो, नाही तर मेडिकेड देते. मेडिकेअर हा केंद्र सरकारचा वयानुसार मिळणारा विमा आहे. मेडिकेड ही केंद्र आणि राज्य यांनी मिळून चालवलेली, उत्पन्न आणि मालमत्ता तपासून मिळणारी मदत आहे. दोन्ही योजना १९६५ च्या एकाच कायद्यातून निघाल्या. नावे सारखी असल्याने गल्लत होते, पण त्यांचा स्वभाव अगदी भिन्न आहे. कायमचा मुक्काम मेडिकेअरच्या कक्षेत कधीच नव्हता.

आता ते शंभर दिवस. एका आजारपणाच्या कालावधीत मेडिकेअर नर्सिंग होमचे जास्तीत जास्त १०० दिवस देते. ही वरची मर्यादा आहे, हमी नव्हे. पहिले २० दिवस रुग्णाला काही द्यावे लागत नाही. २१ ते १०० या दिवसांसाठी २०२५ साली रोज २०९.५० डॉलर रुग्णाने द्यायचे होते. तुमच्या आईंकडे पूरक मेडिगॅप पॉलिसी नसेल, तर त्या दराने पूर्ण ऐंशी दिवसांचा हा वाटा १६,७६० डॉलर होतो. मेडिकेअर पैसे देते ती रोज प्रशिक्षित नर्सची किंवा थेरपिस्टची गरज आहे म्हणून. नुसती आंघोळ घालणे, भरवणे आणि उठवून बसवणे एवढीच गरज उरली की चाळिसाव्या दिवशी काय आणि दहाव्या दिवशी काय, पैसे थांबतात. त्याशिवाय आधी रुग्णालयात सलग तीन दिवस ‘इनपेशंट’ म्हणून दाखल असावे लागते आणि त्यात रुग्णालयातून सोडतात तो दिवस धरत नाहीत. तुमच्या आईंचे पाच दिवस या अटीत बसतात. इतर वाचकांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. रुग्णालयाच्या खाटेवर चार रात्री काढूनही कागदावर ‘ऑब्झर्व्हेशन’ लिहिलेले असेल, तर मेडिकेअरच्या दृष्टीने तो माणूस दाखल झालेलाच नसतो, आणि मग नर्सिंग होमचा पहिल्या दिवसापासूनचा खर्च घरच्यांवर येतो. म्हणून रुग्णालयात पहिल्याच दिवशी ‘आई इनपेशंट आहे का?’ हे विचारा आणि उत्तर कोणी दिले ते लिहून ठेवा.

नर्सिंग होमला पैसे मिळतात ते रोजच्या दराने, आणि तो दर रुग्णागणिक बदलतो. पूर्वी, म्हणजे २०१९ पर्यंत, आठवड्याला किती मिनिटे थेरपी दिली यावर दर चढत असे. सगळ्यात वरचा गट आठवड्याला ७२० मिनिटांचा होता, आणि त्या काळात थकलेल्या म्हाताऱ्या माणसांकडूनही ती मिनिटे भरून घेतली जात. १ ऑक्टोबर २०१९ पासून ही पद्धत बदलली. आता रुग्णाचा आजार, त्याची हालचाल, गिळण्यातली अडचण, स्मरणशक्ती, मनःस्थिती आणि त्याला लागणारी महागडी औषधे यांवरून दराचे वेगवेगळे भाग ठरतात, आणि त्यांची बेरीज म्हणजे त्या दिवसाचा दर. औषधांचा भाग पहिल्या तीन दिवसांत तिप्पट धरतात. शारीरिक थेरपीचे आणि व्यावसायिक, म्हणजे रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या ‘ऑक्युपेशनल’ थेरपीचे भाग विसाव्या दिवसानंतर दर सात दिवसांनी दोन टक्क्यांनी उतरत जातात. थेरपी, औषधे, नर्सिंग, जेवण, खोली असे जवळजवळ सारे त्या एका दरातूनच भागवायचे असते. याचा परिणाम उघड आहे. पूर्वी थेरपी जास्त देण्यात फायदा होता आणि आता कमी देण्यात आहे. थेरपिस्ट माणुसकीने काम करत नाहीत असे मला मुळीच म्हणायचे नाही. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक जण प्रामाणिक होते. पण तुमच्या आईंची थेरपी दुसऱ्या आठवड्यात दिवसाला किती मिनिटांवर आली, ते अवश्य विचारा. प्रगती थांबली म्हणून थेरपी कमी झाली की थेरपी कमी झाली म्हणून प्रगती थांबली, हा प्रश्न अपिलात विचारण्याजोगा आहे.

हा सगळा दर एका लांबलचक मूल्यमापनावर बेतलेला असतो आणि ते पहिल्या आठवड्यातच भरले जाते. ते कसे भरले जाते हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. नर्स लॅपटॉप घेऊन खाटेशेजारी बसते आणि म्हणते, मी तीन शब्द सांगते, ते माझ्यामागून म्हणा: मोजा, निळा, पलंग. मग ती विचारते, साल कोणते, महिना कोणता, आज वार कोणता. आणि शेवटी, मघाचे तीन शब्द आठवतात का? या सगळ्याचे पंधरापैकी गुण होतात. माझ्यासमोर एकदा सातारकडच्या एका आजींना हे प्रश्न इंग्रजीत विचारले गेले. आजी पदर सावरून नम्रपणे हसल्या आणि प्रत्येक प्रश्नाला ‘येस, येस’ म्हणाल्या. कागदावर त्यांची स्मृती जवळजवळ नाहीशी झाल्याची नोंद झाली. ज्या बाईला सात नातवंडांच्या जन्मतिथी तोंडपाठ होत्या, तिच्या नावापुढे ती नोंद पुढे अनेक महिने राहिली. थेरपिस्टने ती वाचली आणि ‘सूचना समजत नाहीत’ असे गृहीत धरून थेरपीचे ध्येयच खाली आणले. रुग्णाच्या भाषेत दुभाषा मिळणे हा हक्क आहे आणि तो फोनवरूनही मिळतो. तुमच्या आईंचे ते मूल्यमापन कोणत्या भाषेत झाले, हे आजच विचारा. इंग्रजीत झाले असेल तर ते चुकीचे आहे असे लेखी कळवा आणि मराठीतून पुन्हा करायला लावा. ‘प्रगती नाही’ या शेऱ्याचे मूळ मला कितीदा तरी तिथेच सापडले आहे.

त्या शेऱ्याबद्दल आणखी एक महत्त्वाचे. प्रगती होत नाही एवढ्याच कारणाने मेडिकेअरचे पैसे थांबवता येत नाहीत. २०१३ साली ‘जिमो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यातल्या तडजोडीने हे स्पष्ट झाले. आहे ती स्थिती टिकवण्यासाठी किंवा ती ढासळण्याचा वेग कमी करण्यासाठी प्रशिक्षित नर्सची वा थेरपिस्टची गरज असेल, तर तेही पुरेसे कारण आहे. इतकी वर्षे उलटली तरी ‘प्लॅटो’, म्हणजे प्रगती थांबली, हा शब्द नोटिशींतून गेलेला नाही. अपिलात तुम्ही हीच गोष्ट मांडा आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून चार ओळींचे पत्र घ्या. खुब्याच्या हाडावर किती भार द्यायचा, वॉकरवरून काठीवर यायला प्रशिक्षित देखरेख का हवी आणि ती नसेल तर पुन्हा पडण्याचा धोका किती, एवढे त्यात यावे. अपिलासाठी नोटिशीवर दिलेल्या क्रमांकावर, सेवा संपण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत फोन करावा लागतो. हे अपील नर्सिंग होम नव्हे, बाहेरची स्वतंत्र संस्था ऐकते आणि एक-दोन दिवसांत निर्णय देते. हरलात तर एकोणीस तारखेनंतरच्या दिवसांचे बिल तुमच्यावर येईल, हे मात्र ध्यानात असू द्या. तिथेही दुसऱ्या पातळीवर दाद मागता येते.

तुमच्या आईंची मेडिकेअर पारंपरिक असल्याने नोटीस नर्सिंग होमनेच काढली आहे. पुढे तपासणीत पैसे परत जाऊ नयेत म्हणून ही मंडळी पुष्कळदा गरजेपेक्षा आधी हात आखडता घेतात. ज्यांच्याकडे खासगी कंपनीची ‘मेडिकेअर अॅडव्हांटेज’ योजना आहे, त्यांच्या बाबतीत हा निर्णय ती कंपनी करते. तिथे अशा नोटिसा आणखी लवकर येतात. अपिलाची वाट मात्र तशीच आहे.

आता सही. ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून सही करू नका. मेडिकेअर किंवा मेडिकेड घेणाऱ्या कोणत्याही नर्सिंग होमला प्रवेशाची किंवा मुक्कामाची अट म्हणून नातेवाइकाची वैयक्तिक हमी मागता येत नाही, असा केंद्राचा नियम आहे, आणि १९८७ च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्यापासून तो चालत आला आहे. आईंच्या पैशांतून, आईंच्या वतीने बिल भरण्यापुरते तुम्ही कबूल होऊ शकता, आणि तशीच सही करायची असेल तर नावाखाली ‘आईच्या वतीने, मुखत्यार म्हणून’ असे स्पष्ट लिहा. त्यासाठी मुखत्यारपत्र हवे. आई शुद्धीवर आहेत, समजूतदार आहेत, तोवर ते करून घ्या. ऑफिसातल्या बाईंशी भांडू नका. त्यांच्या हातात छापील फॉर्म दिलेला असतो आणि त्या तो पुढे करतात. ‘हे कलम मी खोडून सही करते’ असे शांतपणे सांगितले की बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. नाही संपला, तर राज्याचा वृद्धांच्या देखभालीसाठी नेमलेला ऑम्बुड्समन, म्हणजे तक्रारी ऐकणारा अधिकारी, असतो. त्याचा क्रमांक प्रत्येक नर्सिंग होममध्ये भिंतीवर लावलेला असावा लागतो.

मेडिकेडकडे वळण्याआधी एक सांगतो. देशभरातल्या नर्सिंग होममधील दर दहांपैकी सहांहून अधिक रहिवाशांचा खर्च मुख्यतः मेडिकेड उचलते. त्यामुळे ‘आपल्यासारख्यांनी सरकारी मदत घ्यायची का’ असा संकोच मनात असेल तर तो काढून टाका. निवृत्त शिक्षिका, पोस्टातले कारकून, दुकानदार, सगळे शेवटी तिथेच येतात, कारण स्वतःच्या खिशातून महिन्याला दहा हजार डॉलरहून अधिक भरणे फार थोड्यांना जमते. मेडिकेडचा रोजचा दर राज्य ठरवते आणि तो मेडिकेअरपेक्षा बराच कमी असतो. न्यू जर्सीत २०१४ पासून हे पैसे राज्याकडून विमा कंपन्यांकडे आणि त्यांच्याकडून नर्सिंग होमकडे जातात. संस्थेच्या दृष्टीने मेडिकेअरची खाट नफ्याची आणि मेडिकेडची खाट तोट्याची, हा हिशेब बिलिंग विभागात सर्वांना ठाऊक असतो. ‘दीर्घ मुदतीची खाट रिकामी नाही’ असे उत्तर मिळाले तर त्यामागे हेही असू शकते. ती संस्था मेडिकेड घेते का, आणि आई आता ज्या खाटेवर आहेत ती मेडिकेडला मान्य आहे का, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

मेडिकेडमध्ये रहिवाशाचे स्वतःचे उत्पन्न आधी नर्सिंग होमला जाते आणि उरलेला दर मेडिकेड भरते. बाबांच्या पश्चात आईंना भारतातून कुटुंब निवृत्तिवेतन येत असेल, तर तेही उत्पन्नच आहे. किरकोळ खर्चासाठी हातात ठेवायची रक्कम केंद्राच्या नियमाने किमान ३० डॉलर आहे, बहुतेक राज्ये थोडी अधिक देतात. मालमत्तेची मर्यादा एकट्या व्यक्तीला २,००० डॉलर. (ज्या वाचकांचे आई-वडील दोघेही हयात आहेत, त्यांच्यासाठी नियम बरेच सौम्य आहेत. घरी राहणाऱ्या जोडीदाराला २०२५ साली १,५७,९२० डॉलरपर्यंतची मालमत्ता राखता येत होती.) आई नागरिक झाल्यामुळे, ग्रीन कार्डच्या वेळी तुम्ही दिलेली आर्थिक हमी संपली आहे. त्या अजून ग्रीन कार्डवर असत्या तर तुमचे उत्पन्नही त्यांच्या उत्पन्नात मोजले गेले असते. ज्यांच्या आई-वडिलांची नागरिकत्वाची वेळ झाली आहे आणि ‘काय घाई आहे’ म्हणून अर्ज पडून आहे, त्यांनी हे वाचून उठावे आणि अर्ज भरावा.

आणि आता पुण्याचा फ्लॅट. तुमच्या पत्रातली मला सर्वांत काळजीची वाटलेली गोष्ट हीच आहे. तुमच्या भावाचा हेतू वाईट आहे असे मला वाटत नाही. आपल्याकडे घरातल्या वाटण्या हक्कसोडपत्रानेच मिटतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण बाबांनी मृत्युपत्र केले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तो फ्लॅट आई, तुम्ही आणि भाऊ या तिघांचा समान आहे. सोसायटीत नामनिर्देशन कोणाचे आहे याने मालकी बदलत नाही. म्हणजे एक तृतीयांश हिस्सा आईंचा आहे आणि तो भारतात असला तरी मेडिकेडच्या अर्जात दाखवावा लागतो. मोबदला न घेता आईंनी तो सोडला, की इथल्या नियमाने ते दान ठरते. अर्जाच्या आधीच्या ६० महिन्यांतली अशी सगळी दाने तपासली जातात. सोडलेल्या हिश्श्याच्या किमतीला राज्याने ठरवलेल्या नर्सिंग होमच्या सरासरी दैनिक खर्चाने भागतात, आणि जेवढे दिवस येतील तेवढे दिवस मेडिकेड पैसे देत नाही. तो काळ सही केल्या दिवसापासून मोजला जात नाही. आईंची बचत संपलेली असते, त्या नर्सिंग होममध्ये असतात, अर्ज इतर सर्व बाबतींत पात्र ठरलेला असतो, तेव्हा तो सुरू होतो. म्हणजे नेमक्या ज्या महिन्यांत हातात काही नसते, त्याच महिन्यांत मदत बंद. न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत हक्कसोडपत्राच्या साक्षांकनाची वेळ घेतली असेल तर रद्द करा.

भावाला फ्लॅट ठेवायचा असेल तर वाट बंद नाही. त्याने आईंचा हिस्सा बाजारभावाने विकत घ्यावा, मूल्यांकन अधिकृत मूल्यमापकाकडून करून घ्यावे आणि रक्कम आईंच्या खात्यात यावी. ती रक्कम आईंच्याच देखभालीवर खर्च होईल आणि ती संपत आली की मेडिकेडचा अर्ज निर्धोक होईल. व्यवहाराला वेळ लागणार असेल किंवा फ्लॅट विकताच येत नसेल, तर त्याची नोंद अर्जात कशी करायची हे इथल्या वृद्धांच्या कायद्यात काम करणाऱ्या वकिलाला विचारा. त्याची फी आईंच्या पैशांतून दिलेली चालते. वकिलाआधी राज्याच्या ‘शिप’ या मोफत विमा सल्ला सेवेत एकदा जाऊन या. भावाला हे फोनवर सांगताना ‘तू आईला फसवतो आहेस’ असा सूर येऊ देऊ नका. त्याला ६० महिन्यांचा नियम वाचून दाखवा, कारण तो नियम पुण्यात बसून कोणालाच ठाऊक असणार नाही.

शेवटी आईंचे म्हणणे. ‘मला घरी ने’ ही तक्रार समजू नका, ती मागणी आहे आणि ती पुरी होण्याजोगी असू शकते. न्यू जर्सीचे मेडिकेड नर्सिंग होमइतकीच गरज असलेल्या माणसाला घरी सेवा देते, आणि ‘पर्सनल प्रेफरन्स’ या योजनेत घरच्या माणसालाही मदतनीस म्हणून मोबदला मिळू शकतो. तिथवर पोहोचायला वेळ लागेल. तोपर्यंत पारंपरिक मेडिकेअर, डॉक्टरांनी लिहून दिल्यास, घरी नर्स आणि थेरपिस्ट पाठवते आणि त्यासाठी रुग्णाला काही द्यावे लागत नाही, मात्र दिवसभर सोबत राहणारे माणूस त्यात मिळत नाही. पुढच्या केअर प्लॅनच्या, म्हणजे देखभालीच्या आखणीच्या, बैठकीत आईंना चाकांच्या खुर्चीत बसवून स्वतः घेऊन जा, दुभाष्याला फोनवर जोडायला सांगा आणि तुमच्या घराची मोजमापे सोबत न्या: न्हाणीघराच्या दाराची रुंदी, पलंगाची उंची, दारापुढच्या पायऱ्या किती. थेरपिस्टला विचारा की या पायऱ्या चढायला आईंना आणखी किती दिवसांची थेरपी लागेल. तो आकडा कागदावर आला, की तोच अपिलाला जोडा.